आधी डोळा
भाचा चित्राला बांगड्याच्या डोळ्यापासून हात घालतो. चित्रकलेच्या सरांनी शिकवलं ते नेमकं उलटं: आधी कागदावरची मांडणी, मग मोठे आकार, छायाप्रकाश, बारकावे शेवटी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्रात तो क्रम ठीक, कारण कळशी आणि केळी पेपर संपेपर्यंत जशीच्या तशी राहतात. मिरकरवाड्याच्या जेटीवर पालथ्या क्रेटवर मांडलेला मासा थांबत नाही.

1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी संपून लाँची पुन्हा सुटल्या की भाच्याचं काम सुरू होतं. लिलावाच्या गलक्यातून दोन बांगडे नि एक म्हाकूल घ्यायचं. ‘घेनार हायस की नुसता बगनार?’ हे मासे विकणाऱ्या मावशींनी विचारणं आता सोडलंय. बर्फ ताटलीखाली ठेवायचा.

बांगड्याची बाहुली सुरुवातीला काळीभोर, फुगीर असते. मग धुरकटते, आत बसते. पाठीचा हिरवा-निळाही मंदावतो. पोटाची चमक तर रंगद्रव्याची नव्हेच. कातडीतल्या ग्वानिनच्या पातळ स्फटिकांवरून उजेड परततो, तेवढीच. म्हणून चंदेरी रंग लावला की मासा पत्र्याचा दिसतो. भाचा गार करड्याशेजारी फिकट गुलाबी ठेवतो, मध्ये कागद कोरा सोडतो. म्हाकूल त्याहून अवघड. मेल्यावरही काही वेळ त्याच्या अंगावरचे तांबूस ठिपके लहानमोठे होत राहतात. त्यातला कुठला क्षण धरायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पलीकडे पाकट पडलेली असते. शार्दँला 1728 मध्ये पॅरिसच्या अकादमीत प्रवेश मिळाला, त्या चित्रात अशीच पोट फाडलेली पाकट आकड्याला टांगलेली आहे. तरुण मातीसने लूव्रमध्ये तिची नक्कल केली होती. आपल्याकडे मुंबईत मोटारी धुणारे के. एच. आरा 1947 मध्ये सूझा, रझा, हुसेन यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह गटात आले आणि फुलदाण्या, स्थिरचित्रांसाठी ओळखले गेले. नवखे चित्रकार या विषयाकडे वळतात त्याचं एक कारण अगदी साधं असावं: मॉडेलला पैसे द्यावे लागत नाहीत. तत्त्वज्ञान मागाहून सुचतं.

ताटली आणि क्रेट भाच्याने सावकाश, ऊन चढल्यावर रंगवले. मावशींनी टोपली खाली ठेवून कागद निरखला.

‘डोला ताजा हाय,’ त्या म्हणाल्या, ‘पन प्वाट कालचा वाटतो.’

भाच्याने ओला ब्रश घेऊन पोटावरचा करडा उचलायला सुरुवात केली.