एक चाक फिरतं, दुसरं का नाही?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नववीच्या मुलांना माती दाखवायला आम्ही देऊळगाव राजाच्या शिवारात गेलो होतो. पाणंदीवर खताची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर अडकला होता. त्याचं डावं मागचं चाक कडेच्या काळ्या मातीत उतरलं होतं, तर उजवं मुरुमावर होतं. चालक रेस वाढवी तसं डावं चाक गरगर फिरे, चिखल उडवी आणि आणखी खोल जाई. कुणी चाकाखाली पऱ्हाट्या टाकल्या, कुणी दगड. एक तरुण दोर आणि जाडजूड लाकूड घेऊन आला. ते त्याला चाकालाच बांधायचं होतं.

तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "सर, हे चाक एवढं फिरतंय, मग ते चांगल्या जमिनीवरचं का फिरत नाही?"

प्रश्न बिनतोड होता. मुरुमावरच्या चाकाला पकड होती, पण ते ढिम्म उभं होतं. ताकद सगळी चिखलातल्या चाकाकडे चाललेली दिसत होती.

मग एक वयस्क चालक आले. आधी ते त्या तरुणावर ओरडले, "ते लाकूड ठेव खाली! जीव जाईल कुणाचा तरी." मग मुलांना लांब उभं केलं, चाकामागचे दगड काढायला लावले, आणि सीटवर बसून टाचेजवळचा एक छोटा पायटा दाबला. हळूच क्लच सोडला. दोन्ही चाकं एकदम फिरली आणि ट्रॅक्टर ट्रॉलीसकट वर आला.

तो पायटा म्हणजे 'डिफरन्शियल लॉक'. तो काय करतो हे कळायला आधी डिफरन्शियल का लागतं ते पाहू.

वळणाचा हिशेब

कवायतीत मुलांची ओळ वळते तेव्हा आतला मुलगा जवळजवळ जागेवरच पावलं टाकतो आणि बाहेरच्याला लांब ढांगा टाकाव्या लागतात. गाडीच्या चाकांचंही तसंच. समजा, ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांत १.५ मीटर अंतर आहे. तास संपल्यावर तो अर्धवर्तुळात वळतो. आतल्या चाकाची त्रिज्या ३ मीटर असेल तर ते ९.४ मीटर चालेल. बाहेरच्याची त्रिज्या ४.५ मीटर, म्हणून ते १४.१ मीटर चालेल. फरक ४.७ मीटर. आता त्रिज्या बदलून मुलांना पुन्हा गणित करायला सांगा. फरक तेवढाच येईल, कारण तो फक्त चाकांमधल्या अंतरावर अवलंबून आहे: १.५ गुणिले पाय.

बैलगाडीला याची अडचण नाही, तिची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात. पण इंजिनाला चाकं फिरवायची असतात. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर प्रत्येक वळणावर एका चाकाला घासत जावं लागेल. यावरचा उपाय म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२८ साली वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं.

मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो फुगीर भाग दिसतो त्यात ही रचना असते. इंजिनाकडून येणारा पिनियन मोठ्या क्राऊन चक्राला फिरवतो. क्राऊनला जोडलेल्या पेटीत छोटी 'स्टार' चक्रं असतात. त्यांच्या दोन बाजूंना एकेक चक्र, आणि त्या प्रत्येकातून एकेका चाकाचा ॲक्सल निघतो. सरळ चालताना स्टार चक्रं स्वतःभोवती फिरत नाहीत, पेटीबरोबर नुसती वाहून नेली जातात. वळताना ती स्वतःभोवती फिरतात आणि एका चाकाची जेवढी गती कमी होते तेवढी दुसऱ्याची वाढवतात. दोन्ही गतींची सरासरी पेटीच्या गतीइतकीच राहते. म्हणून एक चाक अगदी थांबलं तर दुसरं दुप्पट वेगानं फिरतं. चिखलातलं चाक एवढं गरगरत होतं ते यामुळे.

जू आणि कमजोर बैल

पण खरी मेख गतीत नाही, बलात आहे. वखराचं जू आठवा. ते मधोमध दोरानं दांडीला बांधलेलं असतं. दोन्ही बैल सारखं ओढतात तोवर जू सरळ राहतं. एका बैलाचा पाय घसरला की जू तिरपं होतं आणि दुसरा बैल नुसताच पुढे सरकतो. तो कितीही दांडगा असला तरी जोडीदार ओढेल तेवढंच त्याला ओढता येतं.

डिफरन्शियल म्हणजे असंच फिरतं जू. ते दोन्ही चाकांना नेहमी जवळजवळ सारखंच पीळबल देतं. समजा, चिखलातलं चाक १०० किलोग्रॅम-भाराच्या वर बल पेलत नाही, लगेच घसरतं. मुरुमावरचं ६०० पेलू शकतं. तरी त्याच्या वाट्यालाही १०० च येणार. एकूण ओढ २००. ट्रॉली हलायला ३५० लागत असतील तर रेस कितीही वाढवा, ट्रॅक्टर हलणार नाही. म्हणजे ताकद चिखलातल्या चाकाकडे 'चालली' होती असं नाही. घसरणाऱ्या चाकामुळे दुसऱ्याला ती मिळतच नव्हती.

पायटा दाबला की एका बाजूचं चक्र पेटीशी दात्यांनी अडकतं. स्टार चक्रांना फिरायला वाव राहत नाही आणि दोन्ही ॲक्सल एकच दांडा असल्यासारखे वागतात. आता चिखलातलं चाक आपले १०० देतं आणि मुरुमावरचं लागेल तेवढं, ६०० पर्यंत. एकूण ७००.

लॉक नसेल तेव्हा जुने चालक आणखी एक युक्ती करतात. ट्रॅक्टरला डावा आणि उजवा ब्रेक वेगळा असतो. घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक थोडा दाबला, समजा २०० इतका, की त्या बाजूला १०० अधिक २०० असा ३०० चा विरोध होतो. मग दुसऱ्या चाकालाही ३०० मिळतात. एकूण ओढ ४००, आणि ट्रॉली निघते. आजच्या बऱ्याच गाड्यांत हेच काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आपोआप करते.

डोंगरी आणि खाणीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या ट्रकांतही तत्त्व हेच. चारही चाकांना इंजिन जोडलं म्हणजे गाडी अडकणारच नाही, हा गैरसमज आहे. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये वेगवेगळं डिफरन्शियल असतं. दोन्हींचं एकेक चाक अधांतरी झालं, की ती दोनच चाकं फिरत राहतात. म्हणून अशा ट्रकांना मागे, आणि काहींना पुढेही, लॉक असतं. पुढचं शेवटी लावतात, कारण ते लावल्यावर स्टिअरिंग जड होतं.

लॉक काय करत नाही

आपली काळी माती बेसाल्टपासून बनलेली. तिच्यातल्या चिकणमातीचे थर पाणी पिऊन फुगतात. हा चिखल टायरच्या खाचांत भरला की टायर गुळगुळीत होतो. दोन्ही चाकं अशा मातीत असतील तर १०० अधिक १०० असे दोनशेच. लॉक लावल्यानं दोन्ही चाकं बरोबरीनं रुततील, एवढंच. लॉक पकड निर्माण करत नाही, असलेली पकड वाया जाऊ देत नाही.

ते लावायचं चाक फिरायचं थांबल्यावर किंवा अगदी हळू असताना. जोरात फिरणाऱ्या चाकावर लावलं तर दाते तुटतात. वळताना ते कधीच लावायचं नाही, कारण ट्रॅक्टर वळण्याऐवजी सरळ जाऊ पाहतो. बाहेर निघाल्यावर ते सुटल्याची खात्री करायची.

आता त्या लाकडाकडे येऊ. पिनियन क्राऊनला ढकलतो तेव्हा क्राऊनही पिनियनला उलट ढकलतो. हा न्यूटनचा तिसरा नियम. चाक फिरू शकतं तोवर ट्रॅक्टर पुढे जातो. पण चाकाला लाकूड बांधलं आणि ते जमिनीत अडकलं, की चाक फिरत नाही. मग पिनियनच क्राऊनवर चढू लागतो, म्हणजे ट्रॅक्टरचं पुढचं तोंड वर उचललं जातं. क्लच दाबायला क्षणाचा उशीर झाला तर ट्रॅक्टर मागे उलटतो आणि चालक खाली सापडतो. लॉक लावल्यावर दोन्ही चाकं घट्ट धरलेली असतात, तेव्हा हा धोका वाढतो. म्हणून आधी मागे घेऊन पाहावं, नाही जमलं तर ट्रॉली सोडावी, आणि ओढण्याची साखळी नेहमी खालच्या हुकालाच लावावी. चाकाखालचा दगड तर गोफणीतल्यासारखा मागे सुटतो. मुलांना लांब का उभं केलं, ते यावरून कळेल.

वर्गात करून पाहा

लाकडी फूटपट्टीच्या मध्यावर दोरा बांधा आणि पट्टी टेबलावर ठेवा. दोन मुलांनी दोन टोकांपुढे एकेक बोट टेकवावं, तुम्ही दोरा ओढा. एकानं बोट काढलं की पट्टी गर्रकन वळते आणि दुसऱ्याच्या बोटावर जोर उरत नाही. आता पट्टी मधोमध मुठीत घट्ट धरून ढकला. एक बोट काढलं तरी दुसऱ्यावरचा जोर कायम राहतो. मूठ म्हणजे लॉक.

आमच्या मुलीला उत्तर मिळालं. पण तिचा पुढचा प्रश्न होता: "मग आगगाडीची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की असतात, ती वळणावर कशी घासत नाहीत?" तिला आम्ही एवढंच सांगितलं, की जालन्याच्या स्टेशनावर गेलीस तर चाकाची रुळावर टेकणारी कड सपाट आहे की उतरती, ते नीट पाहून ये. तुमच्या मुलांनाही विचारून पाहा.