वळणावर पाय उचलला जातोच

वळणावर गाडी जरा जास्तच वेगाने शिरली, हे लक्षात येताच चालक काय करतो? विचार करत नाही. त्याचा उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून आपोआप उचलला जातो. ही प्रतिक्रिया कुणी शिकवावी लागत नाही आणि शिकवून सहजासहजी जातही नाही. मात्र त्या क्षणी गाडी कशी वागणार, हे बरेचसे तिच्या सस्पेन्शनने आधीच ठरवलेले असते.

पाय उचलला की भार पुढच्या चाकांकडे सरकतो आणि मागची चाके हलकी होतात. पुढच्या टायरांची पकड आधी सुटत असेल, तर गाडी वळणाबाहेर सरळ सरकू पाहते. पण वेग उतरला आणि पुढे भार आला की पकड बहुधा परत मिळते. घाबरलेल्या माणसाची प्रतिक्रियाच इथे उपाय ठरते. मागची पकड आधी सुटली, तर त्याच प्रतिक्रियेने मागची बाजू बाहेर फेकली जाते आणि गाडी गिरकी घेते. शर्यतीतले चालक उलट दिशेला स्टिअरिंग फिरवून ती सावरतात, पण तो वर्षांच्या सरावाचा भाग. आपल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका गिरकी टिपतात खऱ्या, तरी अनपेक्षित प्रसंगी मेंदूकडून हातापर्यंत योग्य आज्ञा पोहोचायला सेकंदभर सहज जातो. ताशी 100 किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात सुमारे 28 मीटर पुढे गेलेली असते.

अमेरिकेत हा प्रश्न गाजला तो शेवरोले कॉर्वेअर या गाडीमुळे. 1960 च्या मॉडेलपासून आलेल्या या गाडीचे इंजिन मागे होते आणि 60 टक्क्यांहून अधिक वजन मागच्या चाकांवर. मागचे अ‍ॅक्सल प्रत्येक बाजूला आतल्या एकाच सांध्यावर झुलत. जोराच्या वळणात मागचा भाग वर उचलला गेला, की बाहेरचे चाक आत दुमडल्यासारखे तिरके होई आणि टायरचा रस्त्याशी संपर्क कमी होई.

समतोल राखण्यासाठी कंपनीने टायरमधल्या हवेचा आधार घेतला होता. पुढे 15 पौंड, मागे 26 पौंड. पुढच्या मऊ टायरांची पकड मुद्दाम थोडी कमी ठेवायची, म्हणजे मागची आधी सुटणार नाही. कागदावर हे बरोबरच होते. पण रुग्णाने रोज आठवणीने गोळी घ्यावी, यावर सगळी मदार ठेवण्यासारखाच हा उपचार. कुणी चारही चाकांत सारखी हवा भरली, की त्याचा परिणाम संपला!

खरा इलाज होता पुढच्या दोन चाकांना जोडणारा पोलादी दांडा, म्हणजे अँटी-रोल बार. गाडी कलू लागली की तो पिळला जातो आणि कलण्याला विरोध करतो. त्यामुळे पुढच्या बाहेरच्या टायरवर जादा भार येतो. आता गंमत अशी, की टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणून पुढच्या जोडीची एकूण पकड घटते आणि मागच्या जोडीवरचा ताण हलका होतो. हा दांडा सर्व गाड्यांना मिळाला 1964 मध्ये, मागच्या बाजूच्या आडव्या पाट्याच्या स्प्रिंगसह. 1965 मध्ये मागचे सस्पेन्शनच नव्याने घडवले गेले. त्याच वर्षी राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ प्रसिद्ध झाले. त्याचे पहिले प्रकरण जुन्या कॉर्वेअरवर होते.

1966 मध्ये वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला आणि नव्या सरकारी यंत्रणेची सूत्रे विल्यम हॅडन यांच्याकडे आली. ते इंजिनिअर नव्हते, साथरोगांच्या पद्धतीने अपघातांचा अभ्यास करणारे डॉक्टर होते. चालकाला दोष देऊन थांबायचे नाही; माणूस, वाहन आणि परिसर यांचा अपघाताआधी, अपघातात आणि नंतर असा वेगवेगळा विचार करायचा, ही त्यांची मांडणी. माणसाच्या सावधपणावर विसंबणाऱ्या उपायांपेक्षा आपोआप काम करणारे उपाय त्यांना जास्त भरवशाचे वाटत. हिवतापात पाण्याची डबकी बुजवण्यासारखेच हे.

कॉर्वेअरच्या बाजूनेही सांगायला हवे. 1972 च्या सरकारी अहवालाने 1960 ते 1963 च्या गाड्या त्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नसल्याचा निष्कर्ष काढला. गाडीचे उत्पादन मात्र 1969 मध्येच थांबले होते.

आजच्या अनेक गाड्यांत गिरकीची सुरुवात ओळखून एकेका चाकाला ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. पण तिचाही जोर शेवटी टायरच्या पकडीवरच. पुढच्या आणि मागच्या चाकांत किती हवा हवी, याचे आकडे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर छापलेले असतात, आणि ते दरवेळी सारखे नसतात. हवा भरताना पंपावरच्या मुलाला ‘चारही चाकांत सारखी भर’ असे सांगण्याआधी तेवढे वाचून घ्यावे, तेही टायर थंड असताना.