स्कूबाच्या आधी दंडबैठका?

आमचं अड्याळ तळ्यांच्या भंडारा जिल्ह्यातलं. पाणी भरपूर, पण समुद्र शेकडो किलोमीटर दूर! म्हणून तारकर्लीची ट्रिप ठरली की स्कूबाचं नाव आधी निघतं. आणि होस्टेलवर सल्ला फिरतो, "सकाळी शंभर दंड मार, बॉडी गरम होईल." मित्रांनो, हा सल्ला जरा सायन्सच्या नजरेने पाहू.

पाण्यात दर १० मीटरला दाब एक वातावरणाने वाढतो. हेन्रीचा नियम आठवतो ना? दाब वाढला की द्रवात वायू जास्त विरघळतो. टाकीतल्या हवेतला नायट्रोजन असाच रक्तात आणि चरबीत मुरतो. सावकाश वर आलो तर तो श्वासावाटे निघून जातो. घाई केली तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे! सांधे ठणकतात, मज्जारज्जूला इजा झाली तर पाय लुळे पडू शकतात. सिव्हिलवाल्यांनो, ब्रुकलिन पुलाचा चीफ इंजिनिअर वॉशिंग्टन रोब्लिंग १८७२ मध्ये याच आजाराने खचला. तो पाणबुड्या नव्हता, दाबाच्या हवेतल्या कॅसनमध्ये उतरायचा. पुढे १९०८ मध्ये हाल्डेनने शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते दिले.

आता व्यायाम. २००४ साली क्रोएशियातल्या प्रयोगात १२ पाणबुड्यांनी डुबकीच्या २४ तास आधी ट्रेडमिलवर जोरदार व्यायाम केला, तेव्हा त्यांच्या रक्तात बुडबुडे कमी आढळले. म्हणजे आदल्या दिवशीचं धावणं चालेल. पण ऐन डुबकीच्या तोंडावर दंड नकोत. अंग दुखलं तर ते व्यायामाने की बुडबुड्यांनी, हेच कळत नाही. डुबकीनंतर लगेच वजनं उचलणं तर आणखी वाईट. त्या जोराने बुडबुडे धमन्यांकडे सरकू शकतात.

पर्यटकांची डुबकी उथळ असते, तिथे नायट्रोजनचा धोका कमी. पण श्वास कधीच रोखू नका! १० मीटरवरून श्वास रोखून वर आलो तर फुप्फुसातली हवा दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुस काही फुगा नाही.

खोल डुबकी घेणाऱ्यांनी मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर येऊ नये, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबावं. विमानप्रवास एका डुबकीनंतर किमान १२ तास, अनेक डुबक्यांनंतर १८ तास टाळावा. घाट चढल्यावरही हवेचा दाब कमी होतो, तेव्हा त्याच संध्याकाळी आंबोली गाठायची घाई नको.

ट्रिपमध्ये एक रात्र मालवणला जास्त काढा. मासेही खाऊन होतील, नायट्रोजनही निघून जाईल!