टँकमधली लाल साय: सायनोबॅक्टेरिया आटोक्यात कसे आणायचे?

मागच्या वेळी आपण खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं नायट्रोजन चक्र पाहिलं. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट कसं होतं, ते समजून घेतलं. शेवटी आलेले बहुतेक प्रश्न मात्र एकाच गोष्टीचे होते: "वाळूवर लाल, चिकट थर येतो. काढला की दोन दिवसांत पुन्हा हजर. काय करायचं?" म्हणून आजचा विषय तोच ठेवला आहे.

आधी आमची चूक सांगतो. ठाण्याला आमच्या घरी 200 लिटरचा रीफ टँक आहे. तो आठ महिन्यांचा झाला तेव्हा खडकामागच्या कोपऱ्यात वाळूवर एक लाल डाग दिसला. पंधरा दिवसांत निम्मी वाळू झाकली गेली. आमचा धीर सुटला आणि आम्ही अँटिबायोटिक असलेली पावडर आणून टाकली. पाकिटावर दोन सूचना होत्या: स्किमर बंद ठेवा, आणि एअर पंप सतत चालू ठेवा. पहिली पाळली, दुसरी राहून गेली. एप्रिलचे दिवस होते, पाणी 29 अंशांवर गेलेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिलं तर क्लाउनफिश पाण्याच्या वरच्या थरात धापा टाकत होते. फायरफिश आणि क्लीनर श्रिम्प मेले होते. लाल थर गेला, हे खरं. पण तीन आठवड्यांनी त्याच कोपऱ्यात तो परत आला.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. मासे का मेले? आणि थर परत का आला? या दोन्हींची उत्तरं मिळाली की उपाय वेगळा शोधावा लागत नाही.

हे आहे तरी काय?

आपण याला सवयीनं शेवाळ म्हणतो, पण हे शेवाळ नाही. हे जीवाणू आहेत, प्रकाशसंश्लेषण करणारे. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला, तो यांच्याच पूर्वजांमुळे. फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्यामुळे ते लाल किंवा मरून दिसतात. काही जाती हिरव्या किंवा काळपटही असतात.

ओळखायची खूण सोपी आहे. दुधावरच्या सायीसारखा हा थर अख्खा उचलला जातो. दुपारी त्यावर प्राणवायूचे बुडबुडे दिसतात, आणि रात्रभराच्या अंधारानंतर सकाळी तो थोडा विरळ वाटतो. नव्या टँकमध्ये वाळूवर तपकिरी भुकटी दिसली तर ते बहुधा डायटम असतात. आणि तपकिरी, शेंबडासारखे लोंबणारे धागे असतील तर डायनोफ्लॅजेलेट्सचा संशय घ्या. ही ओळख महत्त्वाची आहे, कारण डायनोफ्लॅजेलेट्स अनेकदा पाण्यातली पोषकद्रव्यं पार संपल्यावर फोफावतात. तिथे टँक आणखी "स्वच्छ" करायला गेलात तर त्रास वाढतो. खात्री नसेल तर साधा सूक्ष्मदर्शक मागून आणा. सायनोचे गुंतलेले धागे दिसतात; डायनोफ्लॅजेलेट्सच्या सुट्या पेशी पोहताना दिसतात.

समुद्रात काय होतं?

आता आपल्याच किनाऱ्याकडे बघू. पावसाळ्याआधी, साधारण फेब्रुवारी ते मे या काळात, अरबी समुद्रात ट्रायकोडेस्मियम नावाच्या सायनोबॅक्टेरियाचे तवंग येतात. लाकडाचा भुसा पसरल्यासारखे ते दिसतात. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला आहे. त्या दिवसांत वारा पडलेला असतो, पाणी शांत आणि तापलेलं असतं, आणि वरच्या थरातलं नायट्रेट जवळपास संपलेलं असतं. इतर वनस्पती-प्लवकांची उपासमार होते. ट्रायकोडेस्मियमचं मात्र अडत नाही, कारण पाण्यात विरघळलेला हवेतला नायट्रोजन त्याला वापरता येतो.

टँकमधल्या सगळ्याच जातींना ही कला येत नाही, पण बऱ्याच जणींना येते. म्हणून नायट्रेट शून्यावर आणलं की सायनो उपाशी मरेल, हा हिशेब चुकतो. त्याचे प्रतिस्पर्धी आधी मरतात आणि मोकळी जागा त्याला मिळते.

आमचं नेमकं हेच झालं होतं. पाणी तपासलं तर नायट्रेट 0 आणि फॉस्फेट 0.18 पीपीएम. नायट्रेट कमी व्हावं म्हणून आम्ही रोज थोडी व्होडका घालत होतो, जी पद्धत बरेच जण वापरतात. त्या कार्बनवर जीवाणू वाढतात, पण ते नायट्रेट जास्त आणि फॉस्फेट कमी उचलतात. अल्फ्रेड रेडफिल्ड यांनी 1934 मध्ये समुद्राच्या पाण्यात आणि प्लवकांमध्ये या मूलद्रव्यांचं एक ठरावीक प्रमाण दाखवलं. नायट्रोजनचे 16 अणू तर फॉस्फरसचा 1, असं ते प्रमाण आज सांगितलं जातं. वजनात मांडलं तर 1 भाग फॉस्फेटमागे सुमारे 10 भाग नायट्रेट. म्हणजे नायट्रेट आधी संपणार, फॉस्फेट मागे उरणार. हा आकडा टँकमध्ये तंतोतंत गाठायला जाऊ नका. दोन्हींपैकी एकही शून्यावर जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्यातून घ्यायचं.

मासे का मेले?

25 अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. समुद्राच्या पाण्यात जेमतेम पावणेसात, आणि पाणी तापलं की आणखी कमी. रात्री टँकमधले सगळेच जीव श्वास घेतात, प्राणवायू कुणीच बनवत नाही. त्यातच औषधानं मेलेला थर कुजू लागला, आणि तो कुजवणाऱ्या जीवाणूंनी उरलासुरला प्राणवायू ओढला. पाण्यात हवा मिसळणारं आमचं मुख्य यंत्र म्हणजे स्किमर, तोच बंद होता. पहाटेपर्यंत पाण्यात काही उरलंच नाही.

आणखी एक. अशा पावडरींत बरेचदा एरिथ्रोमायसिनसारखं, माणसांना दिलं जाणारं अँटिबायोटिक असतं. ते पाणी आपण शेवटी गटारातच ओततो. औषधांना न जुमानणारे जीवाणू तयार व्हायला तेवढाच आपला हातभार. म्हणून हा उपाय अगदी शेवटचा समजावा.

मग आम्ही काय केलं?

पहिलं, हातानं काढणं. दर आठवड्याला 20 लिटर पाणी बदलताना बारीक नळीनं सायफन लावून थर आधी ओढून घेतला. घासून विस्कटायचा नाही. तुकडे उडतात आणि दुसरीकडे रुजतात.

दुसरं, प्रवाह. त्या कोपऱ्यात पाणी हलतच नव्हतं, माशांची विष्ठा तिथेच साठत होती. खडक थोडा पुढे घेतला आणि वेव्हमेकरचं तोंड वळवलं. तासाला टँकच्या 20 ते 40 पट पाणी फिरावं असा ढोबळ नियम आहे. म्हणजे 200 लिटरला 4000 ते 8000 लिटर.

तिसरं, पाणी. आम्ही घरच्या आरओचं पाणी वापरायचो. मीटर लावून पाहिलं तर टीडीएस 48. पिण्याच्या आरओमध्ये चव राहावी म्हणून थोडं मूळ पाणी परत मिसळणारा व्हॉल्व्ह असतो. तो बंद केला आणि पुढे डीआय रेझिनचं फिल्टर जोडलं. आता मीटर 0 दाखवतो.

चौथं, खाणं. फ्रोजन मायसिस वितळवून गाळणीत धुतो, पाच मिनिटांत संपेल एवढंच घालतो.

पाचवं, समतोल. व्होडका हळूहळू बंद केली. नायट्रेट 5 पीपीएमपर्यंत येऊ दिलं. फॉस्फेट शोषणारी दाणेदार लोहयुक्त मीडिया अगदी थोडी वापरली आणि सहा आठवड्यांत 0.05 वर आलो. हे घाईनं केलं तर प्रवाळांना धक्का बसतो.

चौथ्या आठवड्यात थर वाढायचा थांबला. सातव्यात वाळू पांढरी दिसली. औषधानं दोन दिवसांत झालं होतं ते सात आठवड्यांत झालं, पण या वेळी टिकलं.

श्रोत्यांचे प्रश्न

*तीन दिवस टँक पूर्ण अंधारात ठेवला तर?* थर कमी होतो, पण मूळ कारण तसंच राहतं. करायचंच असेल तर आधी सायफननं जमेल तेवढं काढा, एअर पंप चालू ठेवा आणि नंतर पाणी बदला. नाहीतर आमच्यासारखीच पहाट बघावी लागेल.

*थर खाणारी गोगलगाय मिळते का?* सेरिथ गोगलगायी थोडंफार कुरतडतात. पण बहुतेक प्राणी याला तोंड लावत नाहीत. त्यांच्या भरवशावर राहू नका.

थांबण्याआधी एक विनंती. आज घरी जाऊन काही विकत घेऊ नका. नायट्रेट, फॉस्फेट आणि आरओच्या पाण्याचा टीडीएस, हे तीन आकडे वहीत लिहा आणि थर कुठल्या कोपऱ्यातून सुरू झाला ते बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. पुढच्या वेळी येताना ती वही घेऊन या.