लपवा, पण सापडेल असे

कसाऱ्याच्या घाटात एसटी वळणे घेऊ लागली की मोबाइलमध्ये डोके घालून बसलेल्यांना आधी मळमळते. चालकाला मात्र सहसा गाडी लागत नाही. आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला कळवते की शरीर वळते आहे. पडद्यावर खिळलेले डोळे कळवतात की सारे स्थिर आहे. या विसंवादाने जीव कासावीस होतो. चालकाला पुढचे वळण आधीच दिसते, त्यामुळे त्याचा मेंदू तयार असतो.

आभासी वास्तवाचा, म्हणजे ‘व्हीआर’चा हेडसेट डोळ्यांवर चढवला की नेमके उलटे घडते. डोळ्यांपुढे दरी धावत असते आणि आपण खुर्चीत बसलेलो असतो. परिणाम तोच : मळमळ, घाम, गरगरणे. यावर उपाय आहेत. पण त्यातले बरेचसे वापरणाऱ्याच्या नजरेआड ठेवलेले असतात.

काही उपाय लपलेले असण्यातच शहाणपण आहे. कोलंबिया विद्यापीठातील स्टीव्हन फायनर आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१६ मध्ये एक प्रयोग केला. आभासी जगात माणूस पुढे सरकू लागला की दृश्याच्या कडा हळूच काळ्या करायच्या, थांबला की पुन्हा उघडायच्या. त्यामुळे लोकांचा त्रास कमी झाला आणि बहुतेकांना हा बदल जाणवलाही नाही. वळण्याबाबतही असेच आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासानुसार, आभासी जगात दिसते त्यापेक्षा माणूस प्रत्यक्षात सुमारे ४९ टक्के जास्त किंवा २० टक्के कमी वळला, तरी त्याला फरक कळत नाही. याचा उपयोग करून लहानशा खोलीत लांबवर चालल्याचा भास देता येतो. खोलीच्या कडेशी गेल्यावरच दिसणारी जाळीची भिंत हीसुद्धा अशीच सोय. एरवी ती अदृश्य असते. पण कपाटावर आदळण्याआधी समोर उभी राहते.

अडचण दुसऱ्या प्रकारच्या लपवण्यात आहे. ‘क्वेस्ट २’ या हेडसेटची भिंगे ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीन अंतरांवर बसवता येतात. आपल्या दोन बाहुल्यांमधील अंतराशी ती जुळली नाहीत तर चित्र धूसर दिसते, डोळे शिणतात, डोके दुखते. पण त्यासाठी बटण नाही. भिंगे हाताने धरून सरकवावी लागतात. हे ठाऊक नसलेला माणूस ‘व्हीआर मला सोसत नाही’ म्हणून हेडसेट उतरवून ठेवतो.

गंमत लपवण्याची परंपरा जुनी आहे. अटारी कंपनी खेळ बनवणाऱ्यांची नावे देत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळातील एका गुप्त खोलीत स्वतःचे नाव दडवले. ते कोणाला सापडले नसते तरी कोणाचे काही बिघडले नसते. औषध असे दडवून चालत नाही.

१८६५ मध्ये सुरू झालेल्या कसारा-इगतपुरी रेल्वेमार्गावर ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. उतरणीला गाडी आवरेनाशी झाली तर तिला बाजूच्या रुळावर वळवून थांबवण्यासाठी तेथे ‘कॅच सायडिंग’ आहेत. प्रवाशांच्या ते ध्यानातही येत नाही आणि येण्याची गरजही नाही. इंजिन चालवणाऱ्याला मात्र त्यांची जागा ठाऊक असावीच लागते. हेडसेटमध्ये प्रवासी आणि चालक एकच असतो, हे रचनाकारांनी विसरू नये. आपोआप काम करणारी सोय खुशाल लपवावी; पण जी वापरणाऱ्याला स्वतः जुळवावी लागते, ती पहिल्याच वेळी दाखवून द्यावी.

तोवर काही गोष्टी आपणच शोधाव्यात. पहिल्यांदा भिंगांचे अंतर जुळवा. सेटिंगमध्ये ‘कम्फर्ट’ हा शब्द दिसतो का पाहा. कडा काळ्या करणे किंवा टप्प्याटप्प्याने वळणे हे पर्याय बहुधा तेथेच असतात. सुरुवातीला पाच-दहा मिनिटे, तीही बसून, पुरेत. मळमळ सुरू होताच हेडसेट काढा. सवय होईल म्हणून रेटू नका. नंतर डोके हलके होईपर्यंत दुचाकीवर बसू नका. ज्यांना पूर्वी फिट आली आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मुलांच्या हाती हेडसेट देण्यापूर्वी कंपनीने दिलेली वयोमर्यादा जरूर वाचा.