पाद्री, पंतप्रधान आणि एक रेल्वे संप

नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आपल्या घुग्घुसलाही सगळ्यांना माहीत आहे. ज्यांचं नाव त्याला दिलं, ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे कॅल्व्हिनपंथी मिशनरी. त्याच पंथाचे डच धर्मशास्त्री अब्राहम कायपर (1837–1920) पुढे राजकारणात शिरले आणि 1901 मध्ये नेदरलँड्सचे पंतप्रधान झाले. पाद्री सत्तेवर बसला म्हटलं, की बाकीचं लोक आपल्या मनानंच ठरवून टाकतात.

एक समज असा, की चर्च आणि संसद दोन्ही त्यांनी एकदमच सांभाळली. तसं करताच येत नव्हतं. 1874 मध्ये निवडून आल्यावर त्यांना पाद्रीपद सोडावं लागलं.

दुसरा समज, त्यांना चर्चचं राज्य आणायचं होतं. पण ज्या कॅथलिकांशी त्यांच्या पंथाचं पिढ्यान्‌पिढ्या वैर, त्यांच्याशीच युती करून ते सत्तेवर आले. कुटुंब, शाळा, चर्च, सरकार, ज्यानं त्यानं आपापल्या धुऱ्याच्या आत राहावं, हा त्यांचा सिद्धांत. खोटा धर्म सरकारनं मोडून काढावा, असं पंथाच्या जुन्या श्रद्धापत्रात होतं. ते शब्द 1905 मध्ये गाळले गेले, आणि गाळा म्हणणाऱ्यांत कायपर होते.

त्यांच्या पक्षाचं नाव ‘क्रांतिविरोधी’. म्हणून ते गरिबांच्या विरोधात, असंही वाटतं. नावातली क्रांती 1789 ची, फ्रान्सची. देवाला वगळून समाज रचण्याच्या विचाराला त्यांचा विरोध होता. उलट 1891 च्या भाषणात त्यांनी बजावलं होतं, की नुसत्या दानधर्मानं भागणार नाही, समाजाची घडीच तपासायला हवी.

यावरून त्यांना कामगारांचा कैवारी ठरवायला जावं, तर 1903 आडवं येतं. जानेवारीत अ‍ॅमस्टरडॅमच्या गोदीत संप झाला. संपातल्या कंपन्यांच्या वॅगनला हात लावायला रेल्वे कामगारांनी नकार दिला, गाड्या थांबल्या आणि मालकांना नमावं लागलं. सायडिंगवर कोळशाचा रेक अडकला की किती फोन खणखणतात, हे आपल्या गावाला सांगायला नको. कायपरांनी रेल्वेतला संप हा गुन्हाच ठरवणारा कायदा आणला. एप्रिलमध्ये त्याविरुद्धचा संप फसला, हजारोंची नोकरी गेली. 1891 चं भाषण आणि हा कायदा एकाच माणसाचे, हे मला अजून पचत नाही.

दोन वर्षांनी निवडणुकीत त्यांची युती हरली आणि ते पायउतार झाले.