पिवळं कार्ड, लाल कार्ड

‘फायनल फँटसी टॅक्टिक्स ॲडव्हान्स’ हा गेम बॉय ॲडव्हान्सवरचा खेळ जपानमध्ये फेब्रुवारी २००३ मध्ये आला, युरोपात त्याच ऑक्टोबरात. डीमन-झाउडहून ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या ५३ नंबरच्या मेट्रोत खेळायला अगदी सोयीचा: चौकटींचा पट, आळीपाळीने चाली, घाई कसलीच नाही. पाच वंश, तीसहून अधिक पेशे. कौशल्य मिळतं ते शस्त्रातून, आणि ते अंगवळणी पडेपर्यंत जुनी तलवारच बाळगावी लागते. ही मेख मला फार आवडते.

डोकं फिरवतो तो पंच. लढाईत तो हजर आणि कायदे सतत बदलते: आज आग वर्ज्य, उद्या तलवारी. मोडला तर पिवळं कार्ड. गुन्हा मोठा असेल तर लाल कार्ड आणि तुरुंग. नायक मार्शलाच लाल कार्ड मिळालं, तर खेळ खलास! (हा अन्यायच.) ‘याग्ड’ नावाच्या बेबंद मुलखात पंच नसतो, पण लढाई संपताना तिथे पडलेला साथीदार कायमचा जातो.

शिवाय मूळ यंत्राच्या पडद्याला दिवाच नव्हता, आणि डच डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. २००३ च्याच एसपी मॉडेलमध्ये तो दिवा आला.